पोर माका, नाव तुका

माझ्या आधीचे तिघे बारशाआधीच गेले.
म्हणून मला केरावर लोळवून उचललं,
सुपात घालून शेजारणीला विकलं
मूठभर उकड्या तांदळांना,
आणि म्हटलं केरू.
कचऱ्याला कोण नेतं?

खरं नाव आत्येने कानात सांगितलं, एकदाच.
मी बारा दिवसांचा. मला काय आठवणार.
त्याच रात्री ती कांदळातून खाली उतरली
गुडघाभर चिखलात, ओहोटीच्या शेवटच्या घटकेला,
आणि खाडीवालीला म्हणाली:
पोर माका, नाव तुका.

एवढाच करार. साक्षीला दोन कुर्ल्या.
पाणी काही "व्हय म्हाराजा" म्हणालं नाही,
एक बुडबुडा आला, फुटला.
आत्या परत आली ती नाव विसरूनच.
विचारलं की म्हणायची,
"जिभेर रेव येता रे."

मी जगलो. विसाव्या वर्षी वल्हं हातात आलं.
अट कुणी सांगितली नव्हती, अंगाला ठाऊक होती:
पलीकडून हाक आली की जायचं.
दिवसा पहिल्या हाकेला,
रात्री तिसरीला,
कारण दोनदा तर तीही मारते.

तिची हाक ऐकलीय मी.
नाव कळत नाही, कानाशी येईतो त्याचं पाणी होतं,
पण पायाचे अंगठे फळीला घट्ट धरतात
आणि घशात एक ओ तयार होते,
ढेकरासारखी.
ती मी गिळलीय. पंचेचाळीस वर्षं.

लग्नात येसूने नाव घेतलं, केरूरावांचं.
बायका हसल्या. खाडीला भरती होती.
मला वाटलं, हिचं लागलं ते भलत्याशीच,
खरा मी तिकडे पाण्याखाली
मुंडावळ्या बांधून बसलोय.

मग पूल आला.
मोटारी हाक मारत नाहीत, हॉर्न मारतात,
आणि हॉर्नला करार लागू नाही.
पुलाच्या सावलीत, रिकाम्या होडीत बसून
आत्येचे शब्द मी उघडत राहिलो
कोयतीने कालवं उघडावी तसे.
पोर माका.
नाव तुका.
"ह्याचं" असं ती म्हणालीच नव्हती.

अवसेला होडी कांदळात नेली.
तीच घटका, तोच चिखल.
दोर सोडला आणि म्हणालो,
घे. तुझी नाव.

"हय होडयेक नाव कोण म्हणता?"
आवाज ओला, चिडलेला.
प्लास्टिकच्या पिशवीतून मी परवाना काढला.
बंदर खातं, जांभळा शिक्का:
एक नाव, सहा उतारू.
"कागदार तर पूलय इलो," ती म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही.
तिच्या जातीला शब्द मोडता येत नाही.
आपल्याला येतो. म्हणून आपण जिंकतो,
आणि मला तिथे उभं राहवेना.

होडी गेली. भोक नव्हतं, वारा नव्हता,
सरळ खाली गेली, पानावर बसल्यासारखी.
आणि माझ्या पासष्ट वर्षांच्या केसाळ कानात
आत्येचा श्वास आला,
त्याच्या मागून ते.

चांगलं आहे. घडीचं.
शाळेत त्याला कुणी मारलेलं नाही,
दुकानाच्या उधारीच्या वहीत ते नाही,
त्याने कधी कुणाला पलीकडे पोचवलेलं नाही.
दोन्ही हातांत धरल्यासारखं मी ते घरी आणलं
आणि पडवीत उभा राहिलो.
आता हे ठेवायचं कुठे?

येसू चुलीपुढे. मान न वळवता म्हणाली,
"अवो."
एकदाच. बाहेर मिट्ट काळोख.
मी तिसरीची वाट बघितली नाही.
ओ दिली.